टक्के बदलले, ती एक ओळ बदलली नाही

(हे उत्तर पत्रलेखिकेला आधी खासगीत पाठवलं होतं. तिच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे देत आहोत.)

प्रश्न : मी ४६ वर्षांची, ताई ५१ची. गेल्या वर्षी दोघींनी हौसेने ती घरच्या घरी करायची डीएनए चाचणी केली. नळीत थुंकायचं आणि पाठवून द्यायचं, वंश कुठला ते कळतं. दोघींची कंपनी एकच. निकाल आला तर माझ्यात ‘मध्य आशिया ९ टक्के’, ताईत शून्य! सहा महिन्यांनी कंपनीने ‘सुधारित निकाल’ पाठवला. त्यात माझ्या ९चे ३ झाले, आणि ताईच्या खात्यात कुठून तरी भूमध्य समुद्राकाठचे २ टक्के उगवले. म्हणजे पूर्वजांनी सहा महिन्यांत बिऱ्हाड हलवलं की काय? आईकडचा वंशगट म्हणून काही अक्षरं-आकडे दिलेत, ते तेवढे दोघींचे सारखे आहेत. कहर म्हणजे नातेवाइकांच्या यादीत ताईच्या नावापुढे ‘हाफ सिस्टर किंवा तत्सम जवळचं नातं, १,७४० सेंटिमॉर्गन’ असं येतं. अहो, आम्ही सख्ख्या बहिणी आहोत! इतकी साधी गोष्ट ज्यांना कळत नाही, ते मध्य आशियाचं काय सांगणार?

पुढच्या महिन्यात आईचा ७५वा वाढदिवस आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, त्यानंतर घरात असा पहिलाच कार्यक्रम. दोघींचे निकाल मोठे छापून शेजारी शेजारी भिंतीवर लावायचे आणि सगळ्यांना हसवायचं, असं मी ठरवलंय. ताईला त्यात काही रस नाही. निकाल आल्यापासून ‘तुझं तू बघ’ एवढंच म्हणते. या चाचण्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? पैसे परत मागावेत का? आणि आमची माहिती तिथे सुरक्षित आहे का?
– धाकटी

उत्तर :

प्रिय धाकटी,

आधी छपाई थांबवा. का ते सांगतेच, पण तिथवर जायला थोडा वळसा पडेल. तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एकाच पिशवीत भरून दोन्ही कचऱ्यात टाकायला निघाला आहात. त्यातली एक गेली तर फारसं बिघडत नाही. दुसरी बाहेर काढून नीट बघायला हवी.

पहिली वस्तू म्हणजे टक्के.

तुम्ही अर्धा तास काही न खातापिता नळीतल्या रेषेपर्यंत थुंकलात, झाकण लावलंत, झाकणातलं द्रावण लाळेत मिसळलं, नळी हलवून पाठवून दिलीत. प्रयोगशाळेत त्या लाळेतल्या पेशींमधून डीएनए वेगळा काढतात. माणसाच्या डीएनएत सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. कंपनी ती सगळी वाचत बसत नाही. माणसामाणसांत जिथे फरक पडतो अशा निवडक सहा-सात लाख जागा एका चिपवर तपासते. हे वाचन चांगलं होतं, ९९ टक्क्यांच्या वर अचूक. हजारात एक चूक धरली तरी साडेसहा लाख जागांमध्ये साडेसहाशे चुका निघतील, पण वंशाच्या हिशेबात तेवढ्याने काही हलत नाही.

तेव्हा वाचनात खोट नाही. खोट आहे ती वाचलेल्याचा अर्थ लावण्यात.

बोलण्याची ढब ऐकून समोरच्याचं गाव सांगणारी माणसं असतात ना, तसं हे आहे. ज्याने दहाच गावांची बोली ऐकली आहे, तो अकराव्या गावच्या माणसालाही त्या दहांपैकीच कुठेतरी बसवणार, आणि तेही ठासून. कंपनीने ऐकलेली गावं म्हणजे तिचा संदर्भसंच. हे लोक आजचे, जिवंत. ‘आमचे आजी-आजोबा, दोन्हीकडचे, याच भागातले’ असं ज्यांना सांगता येतं, त्यांचे नमुने बहुतेक करून घेतलेले असतात. तुमच्या डीएनएचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा या लोकांशी ताडून बघायचा आणि ज्यांच्याशी सर्वांत जास्त जुळेल त्यांच्या खात्यावर टाकायचा. शेवटी बेरीज. तुमच्या त्या ९ टक्क्यांचा अर्थ एवढाच, की ‘आज आमच्याकडे जे नमुने आहेत त्यांत तुमचे काही तुकडे मध्य आशियातल्या माणसांच्या सर्वांत जवळ जातात’. हजार वर्षांपूर्वी कुणी घोड्यावरून आलं आणि तुमच्या घराण्यात राहिलं, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते आपण आपल्या मनाने वाचतो.

आता कंपनीने संचात नवे नमुने घातले, गणिताची पद्धत बदलली, की तेच तुकडे दुसऱ्या खात्यात जातात. तुमची लाळ तीच, वाचलेली अक्षरं तीच, ऐकणाऱ्याचे कान बदलले. या संचांमध्ये युरोपातले नमुने भरपूर आणि जगाच्या बऱ्याच मोठ्या भागातले तुटपुंजे, हेही जुनंच दुखणं आहे. जिथले नमुने कमी, तिथल्या माणसाचे तुकडे शेजारच्या प्रदेशांत विखुरले जातात, आणि पुढच्या सुधारणेत पुन्हा घरी येतात. बऱ्याच कंपन्या त्या आकड्यावर टिचकी मारली की त्याचा पल्लाही दाखवतात. ९च्या मागे ‘० ते ११’ असं काही लिहिलेलं सापडलं तर नवल नाही. ते कुणी उघडून बघत नाही, कारण मग सांगण्यासारखं काही उरत नाही.

२०१९मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने एकसारख्या जुळ्या बहिणींचे नमुने पाच कंपन्यांना पाठवले होते. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्या, म्हणजे डीएनए जवळजवळ अक्षरशः एक. पाच कंपन्यांचे पाच नकाशे आले, ते एक वेळ समजू शकतं. पण एकाही कंपनीने दोघी बहिणींना तंतोतंत सारखे टक्के दिले नाहीत. तज्ज्ञांनी कच्ची माहिती तपासली तेव्हा ती दोघींची ९९ टक्क्यांहून जास्त सारखी निघाली. वाचन एक, अर्थ दोन. मीही एकदा उत्सुकतेपोटी दोन कंपन्यांना लाळ पाठवली होती. एकीने मला जे १४ टक्के दिले, त्याचा दुसरीला पत्ताच नव्हता. माझ्या मुलाने तेवढ्यात त्या १४ टक्क्यांच्या भाषेतला नमस्कारसुद्धा शिकून ठेवला होता.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट धरायला हवी, ती म्हणजे सख्ख्या बहिणींचे टक्के सारखे असतीलच असं नाही. आईवडील प्रत्येकी आपला निम्मा डीएनए मुलाला देतात. पण दर वेळी पत्ते नव्याने पिसून, त्यामुळे दोन मुलांच्या हातात तेच पत्ते येत नाहीत. दूरच्या एखाद्या पूर्वजाचा बारकासा तुकडा एकीच्या हाती लागतो, दुसरीच्या लागत नाही. दहा पिढ्या मागे गेलं तर कागदावर १,०२४ पूर्वज होतात, आणि त्यातल्या पुष्कळांचं एक अक्षरही आपल्यात उतरलेलं नसतं. घराण्याचा वृक्ष आणि डीएनएचा वृक्ष, दोन्ही एक नव्हेत.

म्हणून खंडाच्या पातळीवर, मोठमोठ्या भागांपुरता हा नकाशा बऱ्यापैकी खरा असतो. देश आणि प्रांताच्या पातळीवर तो अंदाज असतो. एक-दोन-तीन टक्क्यांच्या रांगेत जे काही येतं, त्यावर मी तरी चहाच्या पेल्याइतकाही वेळ घालवणार नाही. तेवढ्यापुरतं तुमचं हसणं रास्त आहे. पैसे मात्र परत मागू नका. कराराच्या बारीक अक्षरांत ‘अंदाज’ हा शब्द असतो.

आता दुसरी वस्तू. इथे मला सावकाश लिहायचं आहे, तुम्हीही सावकाश वाचा. जमलं तर बसून, एकट्याने.

नातेवाइकांची यादी त्या नकाशाच्या जातीची नाही. तिथे संदर्भसंच नाही, कान नाहीत, अंदाजही जवळजवळ नाही. तिथे तुमची अक्षरं सरळ ताईच्या अक्षरांशेजारी ठेवतात आणि किती लांबपर्यंत सलग सारखी आहेत ते मोजतात. एका जुन्या पोथीवरून दोघांनी नकला उतरवल्या, तर मूळ पोथीतल्या चुका आणि खुणा दोन्ही नकलांत ओळीच्या ओळी तशाच येतात, आणि दोन्ही कुठून उतरल्या हे विचारावं लागत नाही. ही लांबी सेंटिमॉर्गनमध्ये सांगतात. आई आणि मुलगी सुमारे ३,४०० ते ३,५००. सख्खी भावंडं बहुधा २,३०० ते २,९००च्या दरम्यान, सरासरी २,६००च्या आसपास. दोघांपैकी एकच पालक सामाईक असेल तर सरासरी १,७५०च्या आसपास.

तुमचा आकडा १,७४० आहे.

मराठीत या नात्याला ‘सावत्र’ एवढाच शब्द आहे आणि तो फार वाईट आहे. रक्ताचा काही संबंध नसलेल्यालाही तोच, निम्म्या संबंधालाही तोच, वर त्यात कथाकहाण्यांमधला सगळा कडवटपणा भरलेला. म्हणून मी इथे तो वापरणार नाही, ‘निमसख्खी’ म्हणेन. बरा नाही, पण निदान शिवी वाटत नाही.

हे वाचून तुमच्या मनात पहिलं येईल ते हे की नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. होते, क्वचित होते. पण अदलाबदल झाली असती तर तुमच्यासमोर कुणा परक्या बाईचा डीएनए आला असता आणि आकडा शून्याच्या आसपास निघाला असता. चूक माणसाला परकं करते. बरोबर निम्म्यावर आणून ठेवत नाही. दुसरी शंका अशी की आईबाबांच्या घराण्यांत आधीपासून नातं असेल, आपसातली लग्नं असतील. त्याने आकडा फुगतो, खाली येत नाही. तिसरी, तुमच्यापैकी कुणाला कधी अस्थिमज्जा रोपण झालं असेल तर लाळेत दात्याच्या पेशी मिसळतात आणि निकालाचा पार खेळखंडोबा होतो. तसं असतं तर तुम्ही लिहिलं असतंत.

शिवाय एक बारीकसारीक गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. टक्के सहा महिन्यांत बदलले, पण यादीतली ओळ बदलल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. ती सहसा बदलतही नाही.

नात्याची जुळणी किती पक्की असते, याचं सर्वांना ठाऊक झालेलं उदाहरण म्हणजे एप्रिल २०१८मधली कॅलिफोर्नियातली अटक. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तिथे खून आणि बलात्कार करणारा एक माणूस चाळीस वर्षं सापडत नव्हता. तो सापडला त्याच्या दूरच्या चुलत-मावस नातेवाइकांमुळे, ज्यांनी हौसेखातर आपली डीएनए माहिती वंशावळीच्या एका संकेतस्थळावर चढवली होती. त्यांच्याशी जुळणाऱ्या तुकड्यांवरून वंशवृक्ष काढत काढत पोलीस त्याच्या दारापर्यंत पोहोचले. ही गोष्ट सांगितली ती पुढच्या भागासाठी. यादीवर एवढा भरवसा असूनही पोलिसांनी तिच्या जोरावर त्याला पकडलं नाही. त्याने टाकून दिलेल्या वस्तूंवरून ताजा डीएनए मिळवला, गुन्ह्याच्या नमुन्याशी सरळ ताडला आणि मगच बेड्या घातल्या.

तुम्हीही तेवढा धीर धरा. १,७४० हा आकडा ‘निमसख्खी’ असं सुचवतो, पण याच आकड्यात मावशी-भाची, आत्या-भाची, आजी-नात हीसुद्धा नाती बसतात. म्हणूनच कंपनीने ‘किंवा तत्सम’ लिहिलं आहे. मोठ्या बहिणीचं मूल आजीने स्वतःचं म्हणून वाढवलं, धाकटी बहीण थोरलीने मुलगी म्हणून सांभाळली, असं घराघरांत झालेलं असतं. सख्ख्या भावंडांचाही आकडा क्वचित सोळाशे-सतराशेपर्यंत उतरल्याच्या नोंदी आहेत. मी त्यावर पैज लावणार नाही, पण दार थोडं उघडं आहे, आणि ते लावून घ्यायचा रस्ताही आहे.

सख्ख्या भावंडांत डीएनएचा साधारण चौथा हिस्सा असा असतो की तिथे आईकडून आलेली प्रतही सारखी आणि वडिलांकडून आलेली प्रतही सारखी, म्हणजे दुहेरी जुळणी. निमसख्ख्यांत ही दुहेरी जुळणी जवळपास नसतेच, मावशी-भाचीतही नसते. आकड्याबद्दल वाद होऊ शकतो, याबद्दल होत नाही. काही कंपन्या तुलनेच्या पानावर ती वेगळ्या रंगात दाखवतात. नसेल दाखवत तर दोघींची कच्ची माहिती उतरवून घेऊन, ज्या संकेतस्थळांवर दोन फाइली शेजारी ठेवून ताडता येतात तिथे बघता येते.

तुम्ही दोघी बहिणी आहात म्हणून आणखी एक गोष्ट उपयोगी पडते, ती भाऊ-बहिणीला पडली नसती. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच असतं. पिसायला दुसरं नसतं, म्हणून तो प्रत्येक मुलीला ते जसंच्या तसं, अख्खं देतो. एका बापाच्या दोन मुलींचं एक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न तुटता, जुळतं. ते मध्येच तुटत असेल तर वडील एक नाहीत. पूर्ण जुळत असेल आणि तरीही दुहेरी जुळणी नसेल, तर वडील एक आणि आई वेगळी. आईकडचा वंशगट दोघींचा सारखा आहे असं तुम्ही लिहिलंत. तो मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून काढतात, तो फक्त आईकडून येतो. गट सारखा असणं हे आई एकच असण्याशी जुळतं, पण तेवढ्याने ते सिद्ध होत नाही, कारण एकेका गटात लाखो बायका असतात.

हे सगळं तुम्हाला सांगू की नको, असा विचार मी दोन दिवस केला. सांगितलं, कारण तुम्ही ही ओळ भिंतीवर टांगायला निघाला आहात. आणि तुम्ही न सांगताही कुणीतरी सांगणारच होतं. वाढदिवसाला जमलेल्यांत आकडे कळणारा एखादा भाचा-पुतण्या असतोच.

ही तपासणी करायची की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवायचं नाही. डीएनए ताईचाही आहे. तिच्या नकळत तिची फाइल उतरवून कुठे चढवू नका. आणि काकांच्या किंवा आत्याच्या मुलांना ‘तुम्हीही करा ना ही चाचणी, मजा येते’ असं तर मुळीच म्हणू नका. दोघींपैकी कोण बाबांच्या घराण्याशी जुळते हे त्याने चटकन कळेल हे खरं, पण ते तुमच्या आधी त्यांना कळेल. जमलं तर दोघींनी मिळून, नाहीतर निदान तुम्ही आपल्या खात्यातलं ‘नातेवाइकांना दिसू द्या’ हे बटण तूर्त बंद करा. ते बंद केल्याने माहिती नाहीशी होत नाही, नवे लोक ती बघायचे थांबतात.

आता आईबद्दल. तुमचं मन ज्या दिशेला धावत असेल, त्या दिशेला ते एकटं सोडू नका. दोन बहिणींचे वडील वेगळे निघाले याचा अर्थ आईने काही लपवून केलं, असाच होत नाही. तुमचा आणि ताईचा जन्म सत्तरच्या दशकातला. त्या काळात दात्याच्या वीर्यापासून गर्भधारणा करण्याचे उपचार होत होते, आणि डॉक्टर जोडप्याला सांगत की याबद्दल कुणाजवळ, मुलाजवळही, बोलू नका. काही ठिकाणी तर नवऱ्याचं आणि दात्याचं वीर्य मिसळूनच वापरत, म्हणजे मूल कुणाचं हे जोडप्यालाही नक्की कळू नये. अशा घरांत बाबांना सगळं ठाऊक असायचं, ही गोष्ट नवरा-बायको दोघांची असायची. पहिला नवरा गेलेला असू शकतो. मूल दत्तक आलेलं असू शकतं, तेही जवळच्याच नात्यातून. आणि कधी कधी आईवर असं काही गुदरलेलं असतं की ते तिने पन्नास वर्षं कुणाला सांगितलेलं नसतं. यातलं तुमच्या घरी काय आहे ते मला माहीत नाही, आणि डीएनए तेही सांगत नाही. कोण कुणाचं, एवढंच तो सांगतो.

म्हणून वाढदिवस वाढदिवसासारखा होऊ द्या. त्याआधी आईला काही विचारू नका. नंतरही, विचारायचं ठरलं तर, दोघी बहिणी मिळून, घरात बाकी कुणी नसताना, हातात कागद न घेता. ‘हे बघ काय निघालं’ अशी सुरुवात केली तर ते उलटतपासणीसारखं वाटतं. ‘आम्ही ती चाचणी केली, त्यात आमच्याबद्दल एक गोष्ट आली, तुला त्याबद्दल बोलावंसं वाटलं तर आम्ही ऐकू, नाही वाटलं तरी चालेल’ एवढं पुरे. ती गप्प राहिली तर गप्प राहू द्या. पंचाहत्तराव्या वर्षी माणसाला एवढा हक्क असतो. मला विचाराल तर, तुम्ही दोघींनी समजून घेऊन आईला कधीच काही न विचारणं हाही एक धडधाकट पर्याय आहे. तो भित्रेपणा नव्हे. फक्त तो दोघींनी निवडलेला हवा.

तुमचा सुरक्षिततेचा प्रश्न राहिला, तो थोडक्यात. निर्धास्त राहावं अशी परिस्थिती नाही. २०२३मध्ये ट्वेन्टीथ्री अँड मी या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोर थेट शिरले ते काही हजार खात्यांत, तीही इतरत्र वापरलेले जुने पासवर्ड चालवून. बाकी लाखो लोकांची माहिती त्यांना मिळाली ती नातेवाइकांच्या यादीतूनच. मार्च २०२५मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि आता आपल्या लाळेचा मालक कोण, हा प्रश्न दीड कोटीच्या आसपास ग्राहकांसमोर उभा राहिला. तेव्हा पासवर्ड वेगळा ठेवा, दुहेरी पडताळणी सुरू करा. सगळं झालं की नमुना नष्ट करायला आणि माहिती पुसायला सांगता येतं. मात्र ते आज करू नका. कच्ची माहिती दोघींना कदाचित लागेल.

आणि त्याच कच्च्या माहितीतून रोगांचे धोके काढून देणाऱ्या स्वस्त सेवा मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. २०१८मध्ये अशा माहितीत दिसलेले जनुकीय दोष एका प्रयोगशाळेने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले ४० टक्के मुळात नव्हतेच. नमुना लहान होता, पण मघाचे ते साडेसहाशे इथे असे बाधतात. आरोग्याची शंका असेल तर डॉक्टरांमार्फत वेगळी चाचणी करा.

राहता राहिली ताई. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकलेलं वाक्य मध्य आशियाचं नव्हतं. ‘निकाल आल्यापासून तुझं तू बघ एवढंच म्हणते’ हे होतं. हौसेने दोघींनी मिळून केलेली चाचणी, निकाल येईपर्यंत तिलाही उत्सुकता असणार, आणि नेमकं निकालानंतर तिचं बोलणं बंद होतं. यादी तिच्याही खात्यात आहे. तुमच्या नावापुढे तिलाही तीच ओळ, तोच आकडा दिसतो. ती तुमच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे, घरातलं तिला तुमच्याआधीचं आठवत असणार. तुम्ही हसून सोडून दिलेली ओळ तिने कदाचित त्याच रात्री शोधून, समजून घेऊन, वर्षभर पोटात ठेवली असेल. किंवा तिला लहानपणापासूनच काही माहीत असेल.

म्हणून तिला फोन करा, तेव्हा काही समजावून सांगायच्या तयारीने करू नका. भिंतीवर काही लावत नाहीये, एवढं सांगा. आणि मग थोडा वेळ काही बोलू नका.